दस्तगीरचा बटवा

"प्लगचा पाना," दस्तगीर शिकलगार म्हणाला.

"आहे," मी म्हणालो.

"तोंडानं नगं, साहेब. हात लावा."

मी पान्याला हात लावला. मग प्लगांना लावला. मग पक्कड, स्क्रूड्रायव्हर, तारेचं वेटोळं, रबरी नळीचे तुकडे, नळी आवळायच्या पत्र्याच्या पट्ट्या, मागच्या चाकाची ट्यूब, हवेचा व्हॉल्व्ह, तेलाची डबी, फडकं. खाकी कॅनव्हासची एक वळकटी, तिला शिवलेले बारा कप्पे, आणि उड्डाणाआधी प्रत्येक कप्प्याला वैमानिकाचा हात लागलाच पाहिजे, असा दस्तगीरचा कायदा. भटजी यजमानाकडून पळी-पंचपात्र मांडून घेतात तसा तो माझ्याकडून हे सगळं करून घ्यायचा आणि मी कंटाळलेल्या यजमानासारखा घड्याळाकडे बघत हात लावत जायचो.

बाराव्या कप्प्यात त्यानं स्वतः भट्टीवर ठोकून बनवलेली लांब दांड्याची किल्ली असे. इंजिनावरच्या पत्र्याचे स्क्रू इतक्या खोल भोकांत बसवले होते, की दुसरं कुठलंच हत्यार तिथवर पोचत नसे. तशा किल्ल्या जगात दोनच. एक या वळकटीत आणि दुसरी दस्तगीरच्या सदऱ्याच्या खिशात, पेनाच्या शेजारी.

या वळकटीला मी आजीबाईचा बटवा म्हणत असे. हळूहळू सगळेच बटवा म्हणू लागले, खुद्द दस्तगीरसुद्धा. एकदा मी त्याला चिडवायला म्हणालो, की मिस्त्री, तुमचा तुमच्या कामावर विश्वास नाही का, मग हे लटांबर कशाला? तो शांतपणे म्हणाला, "बाईसाहेबांना खुर्ची एकच हाय. मी काय तुमच्या मांडीवर बसून यायचा न्हाई."

बाईसाहेब म्हणजे आमचं विमान. महायुद्धाच्या काळातलं, एका माणसाचं, लढाऊ. सारंगगडच्या राणीसाहेबांनी म्हणे युद्धफंडाला आपल्या हातातल्या पाटल्या दिल्या होत्या आणि त्यातून इंग्रजांनी एक विमान घेऊन त्यावर त्यांचं नाव घातलं होतं. आमचं विमान ते नव्हे. आमचं भंगारवाल्याच्या आवारात कोंबड्यांची खुराडी होऊन पडलेलं होतं. पण सारंगगड विमान स्मारक समितीचे कार्यवाह बापूसाहेब कोरगावकर यांनी त्यावर राणीसाहेबांचं नाव रंगवून घेतलं आणि इतिहास दुरुस्त केला. विमान दुरुस्त केलं ते दस्तगीरनं. हवाई दलातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यानं नऊ वर्षं त्यात घातली. बायको गेली त्या महिन्यातसुद्धा तो चौथ्या दिवशी हँगरात हजर होता, असं लोक सांगत. मी चौतिशीचा, हवाई दलात थोडी नोकरी करून बाहेर पडलेला, पिकांवर औषध फवारणारी विमानं चालवून पोट भरणारा. बाईसाहेबांना उडवू शकणारा आसपासच्या मुलखात मी एकटाच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

त्या दिवशी, सन एक्याण्णवच्या जानेवारीत, साठ-सत्तर मैलांवरच्या एका शहरात समारंभ होता. दुपारीच पोचून तिथल्या धावपट्टीवर थांबायचं, चार वाजता मंत्र्यांच्या मस्तकावरून बाईसाहेबांनी दोन घिरट्या घालून उतरायचं, मग भाषणं, मग शाली. सकाळी बापूसाहेबांनी हँगरात सगळ्यांना गोळा केलं आणि दस्तगीरकडे न बघता दस्तगीरला सुनावलं. गेल्या वर्षभरात दोन कार्यक्रम हुकले. एकदा तेल गळलं, एकदा मिस्त्रींना इंजिनाचा आवाज आवडला नाही. मुंबईची एक कंपनी देखभालीचं कंत्राट घ्यायला तयार आहे, त्यांची माणसं टाय लावून येतात. आजचा कार्यक्रम हुकला, तर समितीला विचार करावा लागेल.

दस्तगीरनं ऐकून घेतलं. मग फडक्याला हात पुसत तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, आज बाईसाहेबांना पोचवा. हे गेलं तर मला दुसरं काय बी येत न्हाई."

मी म्हणालो, मिस्त्री, काळजीच सोडा.

आता माझ्या सुटाबद्दल सांगायला हवं.

आदल्या वर्षी असाच एक समारंभ झाला होता. मी उतरून तसाच, तेलकट डगल्यात, व्यासपीठाशी गेलो. पाहुणे आलेल्या मंत्र्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय मिस्त्री, लिटरला किती देते? आणि वैमानिकासाठी आणलेली शाल त्यांनी बापूसाहेबांच्या खांद्यावर घातली, कारण बापूसाहेबांचे बूट चकचकीत होते. बापूसाहेबांनी ती काढली नाही. ती अजून त्यांच्या घरी आहे.

मला मिस्त्री म्हटलं, हे मला वर्षभर सलत होतं. या खेपेला मी कोल्हापुरातून जोधपुरी सूट शिवून घेतला होता, पितळी बटणांचा, आणि बरोबर काळे बूट. उतरल्याबरोबर विमानाच्या आडोशाला कपडे बदलायचे आणि माणसासारखं व्यासपीठावर चढायचं. पण लढाऊ विमानात सामानाला जागा कुठली? पाय ठेवायलाच जेमतेम. जागा एकच, उजव्या पंखातला पूर्वीचा गोळ्यांचा कप्पा. आणि तिथे बटवा.

सूट मागून येणाऱ्या जीपमधून पाठवता आला असता. पण जीपमध्ये बापूसाहेब बसणार, आणि माझा सूट बघून ते काय बोलतील ते मला ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण. इतकी वर्षं मी याहून मोठं कारण शोधतो आहे, सापडत नाही.

तर त्या दिवशी मी बाराही कप्प्यांना हात लावला, तपासणीच्या कागदावर सही केली, दस्तगीरनं बटवा पंखात ठेवून झाकण लावलं आणि तो इंजिन सुरू करायची गाडी आणायला मागे गेला. मी खिशातून रुपयाचं नाणं काढलं. पंखाच्या झाकणाचे स्क्रू साधे होते, पाव वळसा दिला की निघत. बटवा काढून तेलाच्या पिंपामागे सारला, सूट आणि बूट आत कोंबले, झाकण लावलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दस्तगीर परत आला तेव्हा मी शीळ घालत होतो.

उड्डाण सुरेख झालं. अर्ध्या वाटेवर, दहाएक मिनिटांनी, इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा काटा हलला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. तो आणखी हलला. मग पुढच्या काचेवर पाण्याचे बारीक थेंब येऊ लागले, आणि कुठेतरी एक नळी आपल्या पट्टीतून सुटते आहे हे मला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. अशा इंजिनाचं पाणी गेलं की ते पाच-सात मिनिटांत पोळून अडकून बसतं. खाली युद्धकाळातली एक जुनी धावपट्टी होती, आता गुरांचं कुरण. रेडिओवरून उतरतो आहे एवढं कळवलं आणि मी उतरलो. उतरलो मात्र चांगला, हे सांगायलाच हवं, कारण पुढे याचंच सगळ्यांनी कौतुक केलं.

इंजिन बंद केलं. ठिबकण्याचा आवाज येत होता. एक पट्टी, एक किल्ली, दोन घागरी पाणी. वीस मिनिटांचं काम. घड्याळात सव्वादोन झाले होते. वीस मिनिटांत परत उडालो असतो, तर चारला मंत्र्यांच्या डोक्यावर असतो आणि दस्तगीर आपल्या हँगरात राहिला असता.

जवळच्या वस्तीवरून एक बाई आली. म्हशी राखणारी, पन्नाशीची, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिनं विमानाला लांबून एक फेरी मारली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी नळीचं सांगितलं. तिला ते लगेच समजलं, त्यांच्या विहिरीवरच्या मोटरीचंही तसंच होतं म्हणे. तिनं घरून पक्कड आणि तार आणली, मागितलं नसताना दोन घागरी पाणीही आणलं. पण पत्राच उघडेना. मी रुपया घालून पाहिला, तो भोकात पोचेना. तिनं उलथनं आणून दिलं, त्याचा दांडा वाकला.

"येवढं मोठं इमान घिऊन आलासा," ती म्हणाली, "आन संगं एक किल्ली न्हाई? आमचा मोटरवाला सायकलीवरनं येतो, त्याच्या पिशवीत बी चार असत्यात."

मी म्हणालो, असते एक, आज राहिली.

"कुणाकडनं?"

मी उलथन्याचा दांडा सरळ करायला लागलो. तिनं वाकलेलं उलथनं माझ्याकडून परत घेतलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ती म्हशींकडे वळली. पंखातलं झाकण मी उघडून पाहिलं नाही. आत काय आहे ते मला पाठ होतं.

जीप आली तेव्हा पावणेचार वाजले होते. मी उतरल्याची बातमी फोनाफोनी होत त्यांना वाटेतल्या पेट्रोल पंपावर मिळाली होती. बापूसाहेब पुढे बसलेले, शेरवानीत, घामाघूम. मागे अवजारांच्या पेटीवर दस्तगीर. त्याच्या मांडीवर बटवा होता. हँगर बंद करण्याआधी झाडायची त्याची सवय मी विसरलो होतो.

तो उतरला आणि इंजिनाकडे न जाता आधी उजव्या पंखाकडे गेला. झाकणावर वाकला. त्याच्या खांद्यावरून मलाही दिसलं, स्क्रूंच्या खाचांवर नाण्याचे ताजे ओरखडे होते, रंग उडून आतला धातू चमकत होता. दस्तगीर उभ्या आयुष्यात खाचेला चरा पडू देत नसे. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग अंगठ्यावर फडक्यातलं काळं तेल घेतलं आणि एकेक ओरखडा पुसून काढला, सावकाश, जणू ते तपासणीतलंच काम आहे.

आता बापूसाहेबांचं लक्ष बटव्याकडे गेलं. दीड तास ते त्याच्या पुढे बसून आले होते, पण अवजारांकडे पाहायची त्यांना सवय नव्हती.

"मिस्त्री, ही पिशवी विमानात असते ना? रोज हिच्यापायी अर्धा तास मोडता तुम्ही. मग ही तुमच्याकडे कशी?"

मी आत्ता बोललं पाहिजे, हे मला स्वच्छ कळत होतं. तपासणीच्या कागदावर माझी सही होती. खोटी तपासणी म्हणजे लायसन्स गेलं, हेही कळत होतं.

"हँगरात ऱ्हायली," दस्तगीर म्हणाला. "साहेबांनी हात लावला हुता. आत घालायचं काम माझं. माझ्याकडनं ऱ्हायली."

"वय झालं तुमचं," बापूसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट, एक अडलेलं काम मार्गी लागल्याचं समाधान होतं.

दस्तगीरनं खिशातली किल्ली काढली, पत्रा उघडला, नळी बसवली, पट्टी आवळली, बाईनं आणलेलं पाणी भरलं. मी घड्याळ लावून पाहत होतो. अठरा मिनिटं.

पण आता उडून उपयोग नव्हता, तिथवर जाईस्तोवर सभा सुरू झाली असती. बापूसाहेबांनी मला जीपमध्ये घातलं. वैमानिक तरी दाखवतो म्हणाले. दस्तगीर विमानापाशी राहिला. सूट पंखात राहिला. मी डगल्यातच निघालो, गुडघ्यावर चिखल, हातावर त्या उलथन्याची काजळी.

मंत्री अर्थातच दीड तास उशिरा आले होते, त्यामुळे आम्ही वेळेवर पोचलो. बापूसाहेबांनी माइक धरला आणि बोलता बोलता त्या उतरण्याचं असं काही वर्णन केलं, की मलाच धडकी भरली. जळतं इंजिन, खाली दाट वस्ती, वारसा वाचवण्यासाठी जिवावर उदार झालेला तरुण. मंत्र्यांनी माझा तो मळका डगला पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. गेल्या वर्षी ज्या कपड्यांनी मला मिस्त्री केलं होतं, त्याच कपड्यांनी यंदा मला शूर केलं. शाल मिळाली. शिवाय पितळेचं एक छोटं विमान, त्याचा पंखा उलटा बसवलेला. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ माझ्या गुडघ्यावरच्या चिखलाकडे श्रद्धेनं बघत होते.

आठ दिवसांनी समितीची बैठक झाली. दस्तगीरला बोलावलं नव्हतं. ठराव बापूसाहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहून आणला होता: वार्धक्यामुळे येणारं विस्मरण लक्षात घेता श्री. शिकलगार यांना सन्मानपूर्वक विश्रांती देण्यात येत आहे. अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, सबनीस, तुम्ही त्या दिवशी तिथे होता, तुम्हाला काही सांगायचंय का?

मी म्हणालो, निर्णय क्लेशकारक आहे.

हे वाक्य इतिवृत्तात आहे. मग अध्यक्षांनी अनुकूल असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. समितीवर सात माणसं होती. सातवा मी.

गेल्या महिन्यात समितीचं पत्र आलं. बाईसाहेब आता उडत नाहीत, एका चौकात खांबावर चढवून ठेवल्या आहेत. त्या निमित्तानं स्मरणिका निघते आहे, तर सबनीस साहेबांनी त्या धाडसी उतरण्याची आठवण लिहावी. मी लिहिली आहे. त्यांना हवी होती ती हीच आठवण, पण ते छापतील असं मला वाटत नाही. एक गोष्ट सांगायची राहिली.

बैठकीनंतर पंधरा दिवसांनी मी दस्तगीरच्या गावी गेलो. रस्त्याकडेच्या एका टपरीत तो फवारणीचे पंप दुरुस्त करत होता. मला बघून त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. मी बरंच काही ठरवून गेलो होतो, पाया पडायचंसुद्धा. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच आलं, की मिस्त्री, तुम्ही असं का केलंत, माझ्यासाठी कशाला?

तो हातातला पंप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला, जणू मी इंजिनाविषयी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं.

"तुमच्यासाठी?" तो म्हणाला. "तुमचं लायसन गेलं असतं तर बाईसाहेबांना उडवायचं कुणी? दुसरा उडवणारा हुडकायला दोन वर्सं. दोन वर्सं उभं ऱ्हायलं तर इंजिन आतनं गंजतं. मिस्त्री काय, मुंबईस्नं बी येतो." मग तो पुन्हा पंपाला लागला. "तुमच्यासाठी न्हाई केलं."

मला वाटलं होतं मी क्षमा मागायला आलो आहे. त्याच्या हिशेबात मी क्षमेपुरताही नव्हतो. मी बाईसाहेबांचा एक सुटा भाग होतो, बदली न मिळणारा, म्हणून जपलेला. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती, त्यानंतरही नाही.

निघताना त्यानं आतून दोन गोष्टी आणल्या. एक सूट, धुऊन इस्त्री केलेला, बुटांना पॉलिश. दुसरा बटवा. कंपनीवाले ठेवणार नाहीत, त्यांच्या पुस्तकात बसत नाही, म्हणून तुमच्यापाशी असू द्या, पण पंखात ठेवत जा, असं त्यानं सांगितलं. मग टपरीच्या फळीवर त्यानं बटवा उलगडला आणि सुरुवातीपासून म्हणायला लागला. प्लगचा पाना. प्लग. पक्कड. रस्त्यावरून माणसं जात होती, बघत होती. मी एकेकाला हात लावत गेलो. बारावी किल्ली झाली. मी बटवा गुंडाळायला घेतला तसा त्यानं माझं मनगट धरलं.

किल्लीच्या पलीकडे तेरावा कप्पा होता. नवा शिवलेला, दोऱ्याचा रंग वेगळा. त्यात रुपयाचं नाणं होतं.

"रुपया," दस्तगीर म्हणाला. "पंखाचं झाकण उघडाय लागतो. तुमास्नी ठावं हाय."

"आहे," मी म्हणालो.

"तोंडानं नगं, साहेब."

त्यानंतर सहा वर्षं मी बाईसाहेबांना उडवलं. कंपनीची टायवाली मुलं हसत उभी राहायची आणि मी प्रत्येक वेळी तेराही कप्प्यांना हात लावायचो.